जपानला कामाला जायचंय? सही करण्याआधी हे वाचा

जपानमध्ये वृद्धांची संख्या वाढत गेली आणि काम करणारे हात कमी पडू लागले. ज्या क्षेत्रांत माणूस मिळेनासा झाला, त्यांच्यासाठी तिथल्या सरकारने एप्रिल २०१९ पासून परदेशी कामगारांना वेगळा परवाना द्यायला सुरुवात केली. त्याला 'एसएसडब्ल्यू' (स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर, म्हणजे ठरावीक कौशल्याचा कामगार) म्हणतात. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, हॉटेल, गाड्यांची दुरुस्ती अशी कामे त्यात येतात. २०२४ मध्ये वाहनचालक, रेल्वे, वनकाम आणि लाकूडउद्योग यांची भर पडली. भारताचा याबाबतचा करार जानेवारी २०२१ चा आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला हा परवाना परीक्षा देऊनच मिळतो, कोणाच्या ओळखीने नाही. वय १८ पूर्ण हवे. पदवीची अट नाही. त्या-त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा आणि जपानी भाषेची परीक्षा (किमान एन-४ ही प्राथमिक पातळी किंवा जेएफटी-बेसिक), या दोन्ही पास व्हाव्या लागतात. शुश्रूषेच्या कामाला आणखी एक भाषा परीक्षा असते, आणि ती रास्तच आहे: आजोबांना कुठे दुखतंय हे त्यांच्या भाषेत कळायला नको का?

मग कंपनीशी करार होतो, तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून पात्रता प्रमाणपत्र येते आणि त्यानंतर व्हिसाचा अर्ज करायचा.

या परवान्याचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याचा परवाना एकूण ५ वर्षांचा. या काळात बायको-मुलांना सोबत नेता येत नाही. घरच्यांशी हे आधीच बोला, करारावर सही झाल्यावर नको. दुसऱ्या टप्प्यात कुटुंब नेता येते, मुदतही वाढवून घेता येते. मात्र शुश्रूषेला हा दुसरा टप्पा नाही, तिथे जपानची राष्ट्रीय परीक्षा देऊन वेगळा परवाना घ्यावा लागतो.

पगार तेच काम करणाऱ्या जपानी माणसाइतका किंवा जास्तच हवा, असा नियम आहे. कंपनी बदलता येते, पण ज्या क्षेत्राची परीक्षा पास केली आहे त्याच क्षेत्रात आणि इमिग्रेशनची नवी परवानगी हातात आल्यावरच. त्याआधी नव्या ठिकाणी एक दिवसही काम करू नका.

आता पैशांचे. भारतात नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. पावती मागाच. एजंटची नोंदणी खरी आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. "मध्येच परत आलात तर दंड" म्हणून अनामत रक्कम कोणी मागितली, तर तिथून उठा. जपानच्या नियमांत अशा करारांना मनाई आहे. कृपा करून यासाठी जमीन किंवा दागिने गहाण टाकू नका.

आम्ही भाषा शिकवतो आणि कागदपत्रे तपासून देतो. नोकरी लावून देणे हे आमचे काम नाही आणि आम्ही तसे आश्वासनही देत नाही. दुसऱ्या कोणाकडून करार आला असेल, तरी तो घेऊन या. पगारातून घरभाडे, विमा आणि कर वजा जाता हातात किती उरेल, हे आम्ही ओळीओळीने मराठीत समजावून सांगू. त्याचे पैसे घेत नाही.