तांब्या पिंपाएवढा का होतो? भातुकली आणि बाहुलीघर

पुण्याच्या तुळशीबागेतून पितळी भातुकली आणायची आणि पुठ्ठ्याच्या बाहुलीघरातल्या स्वयंपाकघरात मांडायची, हा बेत हमखास फसतो. बाहुलीघर बहुधा १:१२ मापाचं असतं, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट तिथे एक इंच. त्यात भातुकलीतला ५ सेंटिमीटरचा तांब्या ठेवला की बाहुलीच्या हिशेबाने तो ६० सेंटिमीटरचा झाला. तांब्या कसला, पिंपच ते! १० सेंटिमीटरचं पोळपाट १२० सेंटिमीटरच्या जेवणाच्या टेबलाएवढं दिसतं.

दोन्ही ‘छोटा संसार’च, म्हणून गल्लत होते. पण भातुकलीला माप मुलाच्या हाताचं आणि बाहुलीघराला बाहुलीच्या उंचीचं. भातुकलीत मूल स्वतः पाटावर बसून स्वयंपाक करतं. बाहुली आलीच तर पाहुणी म्हणून. बाहुलीघरात राहते बाहुली आणि मूल उघड्या भिंतीतून आत हात घालतं.

म्हणूनच भातुकलीचा संच एका मापात कधीच नसतो. बंब कळशीच्या दुप्पट, जातं पातेल्याएवढं, विळी परातीहून लांब. चिमुकल्या मुठीत लाटणं मावलं, झाऱ्याने चुरमुरे उपसता आले की काम झालं. चुरमुरे, डाळं, गूळ, दाण्याचं कूट एवढ्यावर पंगत उठते. चूल पेटवायची गरजच नाही.

खरंच शिजवायचं असेल तर मात्र मोठ्यांनी शेजारी बसायचं आणि आधी भांडी तपासायची. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई हवी. ती उडालेली असेल तर चिंच, कोकम, ताक, लिंबू यांनी तांबं पदार्थात उतरतं आणि पदार्थ हिरवट होऊन कळकतो. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. मोठ्या पातेल्यात पाणी असतं, त्यामुळे तळ फार तापत नाही. भातुकलीच्या पातेल्यात तीन-चार चमचे पाणी. ते बघता बघता आटतं, गॅसची ज्योत तळाबाहेर येऊन कडा तापवते, आणि कल्हईचे मणी होऊन तळाशी गोळा होतात. उपाय सोपा आहे: मंद आचेवर जाड तवा ठेवा, त्यावर भांडं, आणि ते कोरडं पडू देऊ नका. तोटी, कान, दांडा डाख (सोल्डर) लावून जोडलेले असतील तर ते भांडं विस्तवावर नको आणि खाण्यालाही नको. जुन्या डाखात शिसं असतं, आणि तो कथलाच्याही आधी वितळतो. कल्हईला एकेक भांडं नेण्यापेक्षा सगळी एकदम द्यावीत. तांबट आळीतलं ठोक्याचं जुनं काम असेल तर घासताना राख, काथ्या टाळा. चिंच-मीठ पुरे, नाहीतर नक्षी झिजते.

बाहुलीघराचा कस लागतो तो मापात. इंग्लंडच्या क्वीन मेरीसाठी १९२४ साली पुरं झालेलं प्रसिद्ध बाहुलीघर १:१२ मापाचंच आहे. त्यात नळाच्या पाण्याची आणि विजेच्या दिव्यांचीही सोय केलेली आहे. आराखडा एडविन ल्युटेन्सचा, म्हणजे नवी दिल्ली आखणाऱ्यांपैकीच एकाचा. घरी करताना एवढा थाट नको, पण आकडे सोडू नका. दहा बाय बारा फुटांची खोली दहा बाय बारा इंचांची, दार ७ इंच, छत १० इंच, स्वयंपाकाचा ओटा पावणेतीन इंच.

फसतो तो जिना. छत दहा फूट आणि पायरी सात इंच उंच धरली तर १७ चढ, म्हणजे १६ पायऱ्या. प्रत्येक दहा इंच रुंद, म्हणजे लांबी तेरा फुटांच्या वर, बाहुलीघरात तेरा इंचांच्या वर. बारा इंचांच्या खोलीत सरळ जिना मावतच नाही. मध्ये वळण द्या, किंवा वाडाच करत असाल तर पायरी सातऐवजी दहा इंच उंच धरा. वाड्यातले जिने तसेही छाती काढणारेच असायचे. वरच्या मजल्याची जमीन चिकटवण्याआधी जिन्याचं भोक कापा, नंतर सुरी फिरायला जागा उरत नाही.

भिंतींना तीन मिलिमीटरचा बाइंडिंगचा पुठ्ठा घ्यावा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळतो. नक्षीचा कागद एकाच बाजूला डकवला की वाळताना तो आक्रसतो आणि भिंतीला पोक येतं. दोन्ही बाजूंनी कागद लावा, एक रात्र पुस्तकांच्या वजनाखाली ठेवा. खळीला कीड लागू नये म्हणून बाइंडर मोरचूद घालत. ते विष आहे, खेळण्यात नको. पांढरा फेव्हिकॉल बरा.

राहणारी बाहुली १४ सेंटिमीटरच्या आसपासची हवी. बार्बी साडेअकरा इंचांची, १:६ मापाची. दहा इंची छताखाली ती उभीच राहत नाही. पुण्यात बाहुलीघराचा खरा चुलतभाऊ शोधायचा तर तो दिवाळीतला किल्ला. तिथेही मूल बाहेरच आणि मावळा महादरवाजाहून उंच, पण किल्ल्यावर हे कोणी मनावर घेत नाही.

रुखवतात किंवा गौरीपुढे मांडलेली छोटी भांडी दिसतात भातुकलीसारखी, पण ती खेळायची असतीलच असं नाही. काहींवर चमक टिकावी म्हणून लॅकर (पारदर्शक व्हार्निश) असतं, आणि ते तापलं की पिवळं पडतं, वास मारतं. ओळखायचं कसं? तळाला चिंच चोळून दोन मिनिटं थांबा. उघडं पितळ लगेच उजळतं. लॅकरवर काहीच फरक पडत नाही.