लहान केलेला आयकॉन आणि लहान काढलेला आयकॉन

२४ पिक्सेलचा आयकॉन निवडायचा, मापाच्या चौकटीत १६ लिहायचं आणि एक्स्पोर्ट करायचं. ब्राउझरच्या टॅबमध्ये तो धूसर दिसला की हमखास प्रश्न येतो: "एसव्हीजी आहे, वेक्टर आहे, मग ब्लर होईलच कसा?" गफलत इथेच आहे. वेक्टर म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-वक्रांच्या गणितात साठवलेली आकृती, आणि एसव्हीजी हा तशा फाईलचा एक प्रकार. त्यामुळे आकृतीचं गणित कुठल्याही मापात अचूक राहतं. पण पडद्यावर गणित दिसत नाही, पिक्सेल दिसतात, आणि अर्धाच पिक्सेल काळा करता येत नाही. म्हणून लहान केलेला आयकॉन वेगळा आणि लहान मापासाठी मुद्दाम काढलेला आयकॉन वेगळा, दोघांची फाईल एसव्हीजीच असली तरी.

गूगलच्या 'मटेरियल' या आयकॉन-संचातला मेनूचा आयकॉन घेऊ, तीन आडव्या रेघांचा. २४ × २४ पिक्सेलांच्या ग्रिडवर, म्हणजे चौकटींच्या जाळीवर, प्रत्येक रेघ २ पिक्सेल जाड आहे. वरून मोजलं तर पहिली रेघ ६ ते ८, दुसरी ११ ते १३, तिसरी १६ ते १८. सगळ्या कडा पूर्णांकांवर बसलेल्या, त्यामुळे या मापात आयकॉन शार्प दिसतो.

आता तो १६ चा करा. प्रत्येक आकड्याला दोन तृतीयांशाने गुणलं की रेघेची जाडी होते १.३३. पहिली रेघ ४ ते ५.३३ अशी पडते: पिक्सेलांची एक ओळ पूर्ण काळी, तिच्याखाली एक फिकट. तिसरी पडते १०.६७ ते १२: इथे फिकट ओळ वर आणि काळी खाली. मधली ७.३३ ते ८.६७, म्हणजे दोन्ही ओळी दोन-तृतीयांश भरलेल्या आणि एकही पूर्ण काळी नाही. मुळात सारख्या असलेल्या तीन रेघा आता तीन तऱ्हांनी दिसतात. रेघांची डावी-उजवी टोकं मात्र नेमकी बसतात, कारण ३ चे २ होतात आणि २१ चे १४. त्यामुळे हा आयकॉन आडवा शार्प आणि उभा धूसर असतो. "काहीतरी बिघडलंय, पण काय ते कळत नाही" असं पाहणाऱ्याला वाटतं ते यामुळेच.

अर्धवट भरलेल्या पिक्सेलला करडा रंग देण्याला अँटी-अलायझिंग म्हणतात. मोठ्या वक्र आकारांवर हे तंत्र सुंदर काम करतं. १६ पिक्सेलमध्ये रेघच जेमतेम एक-दीड पिक्सेलची असते, तिथे करडा रंग रेघेचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो.

हाच मेनू १६ साठी नव्याने काढायचा तर पहिला विचार १ पिक्सेलच्या रेघांचा येतो. पण १६ सम आहे. मध्य आठव्या आणि नवव्या ओळीच्या सीमेवर येतो आणि १ पिक्सेलची रेघ बरोबर मध्ये बसूच शकत नाही. मग २ पिक्सेलच्या रेघा आणि २ पिक्सेलच्या फटी: ३ ते ५, ७ ते ९, ११ ते १३. वर-खाली तीन-तीन पिक्सेल मोकळे. मूळ आयकॉनच्या प्रमाणात या रेघा जाड झाल्या हे खरं, पण प्रमाण सांभाळण्यापेक्षा आकृती ओळखू येणं महत्त्वाचं. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक मापाचा टाईप वेगळा कापला जाई, आणि लहान टाईपची अक्षरं प्रमाणात रुंद, रेघा प्रमाणात दणकट ठेवल्या जात. तेच शहाणपण इथे लागू होतं.

डिझायनर सूझन केअर यांनी १९८४ च्या मॅकिंटॉशचे आयकॉन ३२ × ३२ चौकटींत काढले ते आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरून. पडदा फक्त काळा-पांढरा होता, करडा रंग हाताशी नव्हताच. त्यामुळे प्रत्येक पिक्सेल हवा की नको, हे ठरवूनच पुढे जावं लागे.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याची खरी कसोटी रुपयाच्या ₹ या चिन्हात लागते. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचं हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. नुसतं लहान केलं की वरच्या दोन आडव्या रेघांमधली फट करड्याने भरू लागते. ती बुजली की दोन रेघांची एक जाड रेघ होते आणि ₹ जाऊन र उरतो. म्हणून १६ मध्ये काढताना सगळ्यात आधी ती फट राखावी: दोन रेघा १-१ पिक्सेलच्या, मध्ये पूर्ण कोरे २ पिक्सेल. उजवीकडचा वळसा चार-पाच पिक्सेलांत उरकला तरी चालतो. खाली उतरणारी तिरकी रेघ ४५ अंशांत न्यावी, म्हणजे तिच्या पायऱ्या सारख्या पडतात.

आयकॉन आधी लहान करून मग फोटोशॉपमध्ये शार्पन मारणं हा उपाय नाही. कडांचा कॉन्ट्रास्ट वाढतो, बुजलेली फट परत येत नाही.

हा फरक पुष्कळ डिझायनरांच्या नजरेतून सुटतो, त्याला कारण आहे. तिप्पट घनतेच्या, म्हणजे तेवढ्याच लांबीत तिप्पट पिक्सेल असलेल्या, फोनवर १६ चा आयकॉन प्रत्यक्षात ४८ पिक्सेलांत उमटतो. ४८ म्हणजे २४ ची बरोबर दुप्पट, त्यामुळे लहान केलेला आयकॉनही तिथे स्वच्छ दिसतो. तोच कार्यालयातल्या साध्या १९२० × १०८० मॉनिटरवर फिसकटतो. उलट, विंडोजमध्ये डिस्प्ले १२५ टक्क्यांवर असेल तर १६ चे २० होतात आणि हाताने काढलेला आयकॉनही ग्रिडवरून घसरतो. आयसीओ या विंडोजच्या आयकॉन-फाईलमध्ये एकाच आयकॉनची अनेक मापं ठेवण्याची सोय आहे ती अशा वेळी उपयोगी पडते.

सगळा संच दोनदा काढायला वेळ मिळत नाही. हृदय, तारा, ठिपका असे भरीव आकार नुसते लहान केले तरी बहुधा निभावतात. जवळजवळ समांतर रेघा असलेले कॅलेंडर, प्रिंटर, कीबोर्ड आणि ₹ आधी हातात घ्यावेत, आणि साध्या मॉनिटरवर १०० टक्के झूमला तपासावेत.