पन्हळीदार रायफल नळी आखूड करणे

बाहेरच्या अंगाला लांबीच्या दिशेने खोलगट खाचा पाडलेल्या रायफल नळीला पन्हळीदार नळी म्हणतात. या पन्हळी बहुधा सहा किंवा आठ असतात. नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या मळसूत्री खाचा असतात, त्या वेगळ्या. अशी नळी तोंडाकडून कापून आखूड करणे आणि नव्या टोकाला घाट देणे हे बंदूक कारागिराचे काम आहे. साधी गोल नळी कुठेही कापता येते. पन्हळीदार नळीत मात्र पन्हळ कुठे संपते, यावर पुढचे सगळे ठरते.

पन्हळी पाडल्याने नळी ताठ होते, असे नेमबाजांकडून सर्रास ऐकू येते. ते बरोबर नाही. धातू काढला की ताठपणा घटतोच. खरी तुलना सारख्या लांबीच्या आणि सारख्या वजनाच्या दोन नळ्यांची करायला हवी. त्यांत बाहेरून जाड पण पन्हळी पाडलेली नळी बारीक गोल नळीपेक्षा कमी वाकते, कारण तिचा धातू मध्यापासून दूर असतो. पन्हळींमुळे पृष्ठभाग वाढतो, त्यामुळे नळी थोडी लवकर निवते, पण मुख्य फायदा हलकेपणाचाच.

ताठपणा खरा वाढतो तो लांबी कमी केल्याने. सारख्या जाडीच्या नळीच्या टोकावर तेवढाच भार दिला, तर ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाकते. म्हणजे 24 इंचांची नळी 20 इंचांवर आणली की ती सुमारे पावणेदोनपट ताठ होते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. .308 विंचेस्टरसारख्या काडतुसात दर इंचामागे गोळीचा वेग साधारण 20 ते 25 फूट प्रति सेकंद घटतो, आणि तोंडाशी आवाज व झोत वाढतो.

मूळ नळीत पन्हळी तोंडाच्या थोड्या अलीकडे थांबतात आणि टोकाचा भाग पूर्ण गोल राहतो. काप या गोल भागात बसला तर अडचण नाही. तो पन्हळींमधून गेला तर टोकाचा छेद दातेरी चाकासारखा दिसतो. दिसण्यापुरतेच असते तर चालले असते, पण सायलेन्सर किंवा मझल ब्रेक (बंदुकीचा मागचा झटका कमी करणारी तोंडावरची जोडणी) बसवण्यासाठी टोकाला आटे पाडावे लागतात आणि आट्यांच्या मागे सलग गोल खांदा लागतो. खांदा पन्हळींनी तुटलेला असला की जोडणी सगळीकडून सारखी टेकत नाही, आणि जोडणी तिरकी बसली तर गोळी तिच्यावर घासते. पन्हळींच्या तळाखाली पुरेसा धातू असेल तर तेवढा भाग लेथवर उतरवून गोल करता येतो. नसेल, तर आट्यांचा विचार सोडून द्यावा हेच बरे.

लेथवर पन्हळीदार भाग कातताना टूल सलग चालत नाही. प्रत्येक पन्हळीशी ते सुटते आणि पुढच्या कडेवर आदळते. थरथर उठते आणि कामावर लाटा उमटतात. दुसरी गोष्ट केंद्राची. नळीचे भोक बाहेरच्या पृष्ठभागाशी तंतोतंत समकेंद्री असेलच असे नाही, म्हणून केंद्र तपासणारा मोजमापाचा डायल भोकावरूनच लावायचा असतो. अचूकतेचे मर्म शेवटी क्राऊनमध्ये, म्हणजे भोकाच्या अगदी शेवटच्या कडेत असते. गोळी सुटते त्या क्षणी मागचा वायू चहूबाजूंनी सारखा निसटला पाहिजे. कडेला एका बाजूला बारीकशी बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कुसळ, राहिली तरी गोळीला धक्का बसतो आणि लक्ष्यावरचा गोळ्यांचा गट पसरतो. स्पर्धेच्या रायफलींत 11 अंशांचा क्राऊन प्रचलित आहे.

बटन पद्धतीने, म्हणजे कठीण धातूचा ठसा भोकातून ओढून किंवा ढकलून, आतल्या खाचा उमटवलेल्या नळीत धातूत ताण अडकून राहतो. उष्णोपचाराने तो काढला नसेल आणि नंतर बाहेरचा धातू उतरवला, तर भोक किंचित फाकू शकते. तोंडाशी हे घडणे सर्वांत वाईट, कारण गोळी शेवटच्या क्षणी सैल पडते.

अमेरिकेत 1934 च्या राष्ट्रीय बंदूक कायद्यानुसार रायफलची नळी 16 इंचांपेक्षा आखूड करायची तर आधी सरकारी मंजुरी लागते. लांबी मोजताना बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता भाग) बंद करून तोंडातून काठी घालतात आणि ती बोल्टला टेकेपर्यंतचे अंतर धरतात. कायमचा जोडलेला मझल ब्रेक त्यात मोजला जातो, फिरवून काढता येणारा नाही. भारतात शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 6 नुसार बंदुकीची नळी आखूड करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही, आणि विनापरवाना केलेले काम फौजदारी गुन्हा ठरते.