रेझीम (फळांचा घड)

रेझीम : केळी, खजूर व तेलताड यांच्या घडासाठी फ्रेंच भाषेत रूढ असलेली पुल्लिंगी संज्ञा. केळीच्या बाबतीत दांड्यासकट उतरवलेले अख्खे लोंगर एवढाच तिचा अर्थ घ्यावयाचा. त्यातील फणीला ‘मँ’ (हात) आणि सुट्या केळ्याला ‘द्वा’ (बोट) म्हणतात. द्राक्षांच्या घोसाला मात्र हा शब्द चालत नाही. तेथे ‘ग्राप’ हाच शब्द येतो.

व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. याच रूपाचा ‘राजवट’, ‘पथ्याहार’ या अर्थांचा शब्द लॅटिन ‘रेगिमेन’वरून आला असून ‘आंसियां रेझीम’मुळे (फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वीची राजवट) तो इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. काही जुन्या कोशांत दोन्ही अर्थ एकाच नोंदीखाली दिलेले आढळतात. पण राजवटीपासून घडापर्यंतचा अर्थप्रवास पटण्याजोगा दाखवता येत नाही. त्यामुळे स्पॅनिश ‘रासिमो’ (घोस) हे मूळ मानण्याकडे आज कल आहे आणि कालक्रमही त्यास अनुकूल दिसतो. तोमास दे बेर्लांगा या धर्मगुरूने 1516 मध्ये कॅनरी बेटांवरून कॅरिबियनमधील हिस्पॅनिओला बेटावर केळी नेल्याचे सांगितले जाते. मार्तिनिक व ग्वादलूप येथे फ्रेंच वसाहती झाल्या त्या 1635 मध्ये, म्हणजे केळी आणि तिचा स्पॅनिश शब्दसंभार कॅरिबियनमध्ये रुजल्यानंतर. फ्रेंच लेखनात हा अर्थ साधारण 1640 च्या सुमारास दिसू लागतो.

अडचण ध्वनींची आहे. ‘रासिमो’तील ‘आ’चा ‘ए’ आणि ‘स’चा घोष तालव्य ध्वनी (‘रेझीम’मधला झ) नियमाने होत नाही. परका शब्द कानावर पडताच वसाहतकऱ्यांनी तो ओळखीच्या ‘रेझीम’च्या साच्यात बसवला असावा, हे स्पष्टीकरण त्यातल्या त्यात समाधानकारक वाटते.

‘रासिमो’चे मूळ लॅटिन ‘राकेमुस’ (घोस). ग्रीक ‘राक्स’ (द्राक्षमणी) हा त्याचा सगोत्र असून दोन्ही एखाद्या प्राचीन भूमध्यसागरी भाषेतून आले असावेत. फ्रेंच ‘रेझँ’ (द्राक्ष) हाही ‘राकेमुस’चाच वंशज. त्यातला झ ‘माझा’तल्यासारखा दंत्य, तर ‘रेझीम’मधला तालव्य, देवनागरीत दोन्ही सारखेच लिहावे लागतात म्हणून फसू नये. ‘रेझँ’चा अर्थ घोसावरून फळावर सरकला आणि घोसासाठी ‘ग्राप’ स्थिरावला. तो जर्मानिक असून त्याचा मूळ अर्थ आकडा (हूक) असा होता. द्राक्षाम्लाशी निगडित ‘रेसेमिक’ ही रसायनशास्त्रीय संज्ञाही ‘राकेमुस’वरूनच आली. अशा अम्लाच्या एका लवणाचे डावे-उजवे (परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असलेले) स्फटिक लुई पाश्चर यांनी 1848 मध्ये वेगळे केले.

वनस्पतिशास्त्रदृष्ट्या रेझीम ही काटेकोर संज्ञा नव्हे. खजुराचा घड हा शाखायुक्त स्थूलकणिश (जाड अक्षावरील फुलोरा) होय. केळीत दांड्यावरील आधीच्या छदांखालच्या (फुलांना झाकणाऱ्या पानांसारख्या आवरणांखालच्या) स्त्री-फुलांच्या फण्या होतात आणि टोकाला नर-फुलांचे केळफूल लोंबते. फ्रेंच अँटिलीसमध्ये (कॅरिबियनमधील फ्रेंच बेटांत) त्याला ‘पोपॉत’ म्हणतात. आयव्हरी कोस्ट, कॅमेरून येथील फ्रेंचमध्ये ‘रेझीम’ तेलताडाच्या काटेरी घडालाही लावतात.