दम कुणाचा? फुफ्फुसांचा की श्वासपटलाचा?

कोल्हापूरच्या तालमीत नवं पोरगं जोर मारता मारता धापा टाकायला लागलं की ‘याची फुफ्फुसं कच्ची आहेत’ असं कुणीतरी म्हणतंच. पण श्वास ओढणं हे फुफ्फुसांचं काम नाहीच. हवा खेचायला लागणारे स्नायू त्यांच्यात नसतात. आलेल्या हवेतला ऑक्सिजन रक्ताला द्यायचा आणि कार्बन डायऑक्साइड काढून घ्यायचा, हे त्यांचं काम.

खेचणारं श्वासपटल खाली आहे, छाती आणि पोटाच्या मध्ये घुमटासारखा ताणलेला स्नायूचा पडदा. ते आकुंचन पावलं की सपाट होत खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते, आतला दाब कमी होतो आणि हवा आत शिरते. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढावा तशी. शांत बसलेल्या माणसात ते जेमतेम १ ते २ सेंटिमीटर उतरतं. तेवढ्यात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. सोडताना मात्र फुफ्फुसं कामी येतात: श्वासपटल सैल पडलं की ती आपल्याच लवचिकपणाने आक्रसतात आणि हवा बाहेर जाते.

‘पोटानं श्वास घे’ हा वस्तादांचा सल्ला अगदी योग्य, फक्त हवा पोटात जात नाही. श्वासपटल वरून दाबतं म्हणून आतडी, यकृत खाली सरकतात आणि पोट पुढे येतं.

कुस्ती सुटल्यावर हौद्याच्या कडेला पैलवान नीट बघा. तांबड्या मातीनं माखलेले हात गुडघ्यांवर रोवून तो वाकलेला असतो. हात टेकले की खांदे स्थिर होतात आणि मानेचे, छातीचे स्नायू बरगड्या ओढायला मोकळे होतात. श्वास सोडताना पोट आत जातं, कारण आता पोटाचे स्नायूही हवा ढकलतात.

मेहनतीनं मोठ्या माणसाची फुफ्फुसं फारशी वाढत नाहीत. दम वाढतो तो मुख्यतः हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतं आणि स्नायू ऑक्सिजन नीट वापरू लागतात म्हणून.

आजारात हा फरक उघडा पडतो. न्यूमोनियात श्वासपटल ठणठणीत असतं, पण वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, पाणी-पू साचल्यानं ऑक्सिजन रक्तात पोचत नाही. उलट, श्वासपटलाची नस मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंपासून निघते. त्याच्या वर मज्जारज्जूला मोठी इजा झाली तर फुफ्फुसं निरोगी असूनही श्वास थांबतो. म्हणूनच डावात कुणी मानेवर पडलं तर त्याला ओढून उठवू नका. मान हलू न देता आहे तसंच ठेवा आणि १०८ ला फोन करा.