ओट्याएवढी सीट : म्हातारपण, गुडघे आणि गाडीची निवड

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी मामांसोबत धुळ्याला गाडी बघायला गेलो होतो. मामा पारोळ्याकडचे, वय ७२, कपाशीची शेती, मुलगा पुण्याला, घरात मामा-मामी दोघंच. मुलाने फोनवर सांगून ठेवलेलं की पप्पा छोटी हॅचबॅक घ्या, चालवायला सोपी, लावायला सोपी, दोघांना अशी कितीशी जागा लागते. मामा शोरूममधल्या त्या छोट्या गाडीत बसले, स्टिअरिंग धरून बघितलं, आरसे बघितले, खूश. मग उतरायची वेळ आली. उजवा पाय बाहेर टेकवला, एक हात दाराच्या चौकटीला, एक हात सीटवर, आणि अर्धवट उठून परत धपकन खाली. सेल्समन हात द्यायला धावला, मामा त्याला नको म्हणाले, दुसऱ्यांदा जोर लावून उठले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बसता येस रे, पन उठता येत नही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण दर महिन्याला पेपरात बातमी येते की लोक लहान गाड्या सोडून उंच गाड्या घेतायत, २०२४-२५ मध्ये तर देशात विकल्या गेलेल्या दर १०० प्रवासी गाड्यांमधल्या जवळपास ६५ युटिलिटी प्रकारच्या, म्हणजे एसयूव्हीसारख्या उंच होत्या, आणि बातमीखाली सगळे लिहितात की हा सगळा दिखावा, हौस, शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेतली. हौस असतेच, रस्त्यांचे खड्डेही आहेत, मी नाही म्हणत नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा गुडघा हेही एक कारण आहे आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही, म्हणून हे लिहितोय.

उठणं ही क्रिया आपण इतक्या वेळा करतो की त्यात काही शास्त्र असेल असं वाटतच नाही. आता जरा खुर्चीवरून उठून बघा, सावकाश. सगळ्यात आधी तुम्ही दोन गोष्टी न सांगता करता, एक म्हणजे पावलं मागे, खुर्चीखाली ओढून घेता, आणि दुसरी म्हणजे छाती पुढे झुकवता. याचं कारण शरीराचा गुरुत्वमध्य. बसलेले असताना तो मागे, सीटवर असतो, आणि तो पावलांच्या वर आला नाही तर माणूस उठूच शकत नाही, परत मागे पडतो. खात्री करायची असेल तर पाठ एकदम ताठ ठेवून, पावलं पुढे ठेवून, हात न लावता उठून दाखवा. कितीही धडधाकट माणूस असला तरी जमणार नाही.

आता गाडीत काय होतं बघा. पावलं मागे घ्यायला जागाच नाही, कारण दाराखाली गाडीचा जो उंबरा असतो त्याला टाच अडते. आणि पुढे झुकायचं तर वर छताची कड डोक्याला लागते, म्हणून माणूस मान वाकडी करून तिरका उठतो. म्हणजे उठायच्या दोन्ही युक्त्या गाडीने काढून घेतल्या, आणि वरून बहुतेक वेळा एकच पाय बाहेर असतो, सगळा भार त्याच्यावर. मामा चौकटीला हात घालत होते ते यासाठी.

आता हिशेब करू, शाळेतलाच आहे, तरफेचा. समजा माणूस ७० किलोचा. पोटऱ्या आणि पावलं सोडली तर गुडघ्याच्या वर साधारण ६० किलो वजन राहतं. उठताना या वजनाची रेषा गुडघ्याच्या समजा १६ सेंमी मागून जाते. म्हणजे ६० गुणिले १६, ९६० किलो-सेंमी एवढा पीळ, म्हणजे गुडघा दुमडू पाहणारा जोर, गुडघ्यांना सांभाळायचाय. तो सांभाळतो मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, जो गुडघ्याच्या वाटीवरून खाली नडगीला जोडलेला असतो, आणि गंमत म्हणजे त्याची तरफ फक्त ४ सेंमीच्या आसपास असते. घराचं दार कडीपाशी ढकललं तर बोटाने उघडतं, बिजागरीजवळ ढकललं तर खांदा लावावा लागतो, हा स्नायू आयुष्यभर बिजागरीजवळच ढकलत असतो. तर ९६० भागिले ४, २४० किलो. दोन पायांत वाटून १२० किलोची ओढ प्रत्येक मांडीला. साध्या उठण्यासाठी! आणि गाडीतून उतरताना एकाच पायावर आलं तर त्याच्या जवळपास दुप्पट. एवढी ओढ वाटीला मागे सांध्यावर दाबते, आणि तिथली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजलेली असेल तर तोंडातून आई गं निघतंच.

सीट उंच केली की काय बदलतं? कमरेचा सांधा गुडघ्यापेक्षा वर येतो, मांडी पुढे उतरती होते, वजनाची रेषा गुडघ्याच्या जवळ सरकते, १६ सेंमीचे १० झाले तर १२० किलोचे एकदम ७५ होतात. शिवाय उचलायची उंचीही कमी आणि गुडघा कमी दुमडलेला, म्हणजे स्नायूही सोयीच्या लांबीवर काम करतो. उठण्याबसण्यावरच्या अभ्यासांचा एक आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला होता, त्यात उंच सीटमुळे गुडघ्यावरचा हा पीळ ६० टक्क्यांपर्यंत कमी होतो असं दिसलं. साठ टक्के म्हणजे औषधगोळीने मिळत नाही एवढा फरक आहे. आपल्याकडे आजीसाठी कमोड बसवून घेतात, पाटावर जेवणारे आजोबा टेबलावर येतात, ते हेच शास्त्र आहे, फक्त गाडी घेताना आपण ते विसरतो.

आणि वय वाढतं तसं स्नायूंचं काय होतं हेही सांगायला पाहिजे. सत्तरीनंतर पायांची ताकद दरवर्षी साधारण ३ टक्क्यांनी घटते, चक्रवाढीने, म्हणजे ८० व्या वर्षी सत्तरीतल्या ताकदीचा पाव हिस्सा गेलेला असतो. त्यातही सगळे तंतू सारखे जात नाहीत. स्नायूत हळू आकुंचन पावणारे आणि झटकन आकुंचन पावणारे असे दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात, म्हातारपणी झटकन वाले जास्त बारीक होतात, आणि उठताना लागते ती नुसती ताकद नाही तर पॉवर, म्हणजे बल गुणिले वेग. त्यामुळे माणूस शेतात दिवसभर हळूहळू चालू शकतो, दोन बादल्या पाणी वाहू शकतो, पण खालच्या सीटवरून झटक्यात उठू शकत नाही. मामांचं तेच आहे. बांधावर अजून माझ्या पुढे चालतात.

इथेच एक बोलून टाकतो. मामांच्या गुडघ्याला त्या दिवशी चुंबकाचा पट्टा होता, गावात आलेल्या कुठल्यातरी विक्रेत्याने रक्तातलं लोह खेचून रक्ताभिसरण वाढतं म्हणून गळ्यात मारलेला. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाकडे धावत नाही, आणि अशा पट्ट्याने गुडघेदुखी बरी होते याला भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा रोज खुर्चीवरून दहा वेळा उठबस केली तर मांडीचा स्नायू खरंच सुधारतो, सत्तरीतसुद्धा, आणि पैसे शून्य. गाडी कोणत्या मुहूर्तावर घ्यायची यावर आमच्याकडे तीन दिवस चर्चा झाली, चाकाखाली लिंबू कोणी ठेवायचं तेही ठरलं, पण मामींना आधी एकदा त्या गाडीत बसवून उतरवून बघू हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

गाडी बनवणाऱ्यांना मात्र हे कधीच कळलंय. फोर्ड कंपनीने १९९० च्या दशकात तरुण इंजिनिअरांसाठी एक खास पोशाख बनवला होता, थर्ड एज सूट, तो घातला की गुडघे, कोपर, मान आखडतात, हातमोज्यांनी स्पर्श बोथट होतो, चष्म्याने धूसर दिसतं. पंचविशीतल्या पोराला तो घालून गाडीतून उतर म्हटलं की त्याला आपोआप कळतं दार किती उघडायला हवं आणि सीट किती वर हवी. कारखान्यात या उंचीला एच पॉइंट म्हणतात, बसलेल्या माणसाच्या कमरेच्या सांध्याची जागा. आपल्याकडे ब्रोशरमध्ये ग्राउंड क्लिअरन्स मोठ्या अक्षरात छापतात, सेल्समनही तोच पाठ म्हणतो, आणि लोकांना वाटतं ग्राउंड क्लिअरन्स जास्त म्हणजे सीट उंच. तसं नसतं. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यातलं अंतर, सीट त्या पोटापासून किती वर बसवलीय ही वेगळी गोष्ट.

जपानकडे बघितलं तर आपलं पुढचं चित्र दिसतं. तिथे दर १०० माणसांत साधारण २९ जण ६५ च्या वरचे. खेडोपाडी म्हातारी माणसं ६६० सीसीच्या छोट्या पण उंच डब्यासारख्या गाड्या वापरतात, सरकत्या दाराच्या, आणि सत्तरीनंतर गाडीला चार पाकळ्यांचं रंगीत स्टिकर लावतात म्हणजे मागचा समजून घेतो. आपली वॅगन आर त्याच घराण्यातली, जपानमध्ये १९९३ ला आली, आपल्याकडे १९९९ ला. गाडी लहान असून सीट उंच असू शकते याचा तो जिवंत पुरावा आहे, उंचीसाठी मोठी गाडीच घ्यावी लागते असं नाही. भारतात २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरचे १० कोटी ४० लाख होते, म्हणजे ८.६ टक्के, महाराष्ट्रात ९.९ टक्के, आणि २०५० पर्यंत देशात दर पाच माणसांत एक साठीच्या वरचा असेल असा अंदाज आहे. खान्देशात तर गावोगावी दिसतंच की पोरं पुणे, नाशिक, सुरतला आणि घरी दोन म्हातारी माणसं, दवाखान्याला जळगाव नाहीतर धुळे गाठायचं तर गाडी स्वतःच चालवायची.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गिअरचं म्हणाल तर क्लच दाबणारा डावा गुडघा वाचतो म्हणून वयस्कर लोक ऑटोमॅटिक मागतात, २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरियोबरोबर स्वस्तातलं एएमटी, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलणारं तंत्र आलं तेव्हापासून ते परवडायलाही लागलं. मान मागे वळत नाही त्यांना रिव्हर्स सेन्सर आणि कॅमेरा, सेन्सर तर १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीचाच आहे. डोळ्यांचं म्हणाल तर विशीतल्या तुलनेत साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, म्हणून रात्री हायवेला समोरच्याच्या लाइटने त्रास होतो आणि त्यावर गाडी बदलून काही होत नाही, मोतीबिंदू दाखवून घ्यायचा आणि रात्रीचा प्रवास टाळायचा. आणि गाडी आपोआप ब्रेक मारते वगैरे जाहिराती बघून निश्चिंत होऊ नका, बैलगाडी, कपाशीचं ट्रॅक्टर, उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल हे सगळं एका वळणावर भेटतं तिथे चालवणाऱ्याचंच लक्ष लागतं.

घरी आल्यावर मी मामींचा शिवणकामाचा टेप घेतला. मामांच्या गुडघ्याची उंची जमिनीपासून ४७ सेंमी. घरातली खुर्ची ४४, त्यावरून उठताना ते हाताने रेटा देतात. जुनी खाट ३८, त्यावरून उठताना कण्हतात. आणि दारापुढचा ओटा ५७, जिथे ते रोज संध्याकाळी बसतात आणि कोणी हाक मारली की हात न लावता उठून चालायला लागतात. मग कळलं की आपल्याला ओट्याएवढी सीट पाहिजे.

दुसऱ्या खेपेला मामींनाही घेऊन गेलो आणि टेपही. सेल्समन बघतच राहिला. त्या छोट्या हॅचबॅकची सीट भरली ४९. एका भल्यामोठ्या एसयूव्हीची ७६, तिच्यात मामा कसेबसे चढले पण मामींचं नऊवारीत पाऊलच वर जाईना, फुटस्टेप लावून देतो म्हणाला तरी त्या नको म्हणाल्या. म्हणजे फार उंचही चालत नाही, मग उठण्याऐवजी चढणं अवघड होतं. तिसरी गाडी मधली, ६०, दार मोठं उघडणारी, उंबरा अरुंद. मामा बसले, उतरले. परत बसले, उतरले. तिसऱ्यांदा उतरताना चौकटीला हात लावलाच नाही, सरळ उभे राहिले, मामींकडे बघितलं आणि मग पहिल्यांदा किंमत विचारली.