फळीच्या जिभेतला खिळा

गावच्या आमच्या घराचं मागचं दार जुलैत लागायचं नाही. आजी म्हणायची, "फुगलंय. दसऱ्याला बसेल आपोआप." आणि खरंच बसायचं. एका वर्षी वडिलांनी वैतागून सुताराकडून त्याला रंधा मारून घेतला. पावसाळा सुखाचा गेला, पण पुढच्या उन्हाळ्यात फटीतून अंगणातलं मांजर दिसायला लागलं.

न्यू जर्सीतल्या घरातला जुना गालिचा उपटून तिथे ओकच्या फळ्या ठोकायचं ठरवलं, तेव्हा ते दार आठवलं. एका दाराचा एवढा ताप, आणि इथे तर पंधरा फुटांच्या खोलीत सव्वादोन इंची फळ्यांच्या ऐंशी ओळी बसणार होत्या.

लाकूड मेलं तरी पाणी प्यायचं सोडत नाही. त्याच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजचे लांब धागे असतात. हवेतल्या बाष्पाचे रेणू त्या धाग्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना बाजूला सारतात. म्हणून लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यातही वर्तुळांच्या कडेकडेने होणारी वाढ ही गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या वाढीच्या साधारण दुप्पट असते. न्यू जर्सीत जुलैची हवा मुंबईची आठवण करून देते आणि जानेवारीत हीटर लावला की घरातली आर्द्रता तीस टक्क्यांपर्यंत उतरते. एवढ्या फरकात लाकडातलं पाणी वजनाच्या चारेक टक्क्यांनी कमीजास्त होतं. तेवढ्याने ५७ मिलिमीटर रुंदीची रेड ओकची फळी सुमारे ०.८ मिलिमीटर आक्रसते, म्हणजे जवळपास एटीएम कार्डाच्या जाडीइतकी. एका फळीत हे किरकोळच वाटतं. ऐंशी ओळींचा हिशेब मात्र साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास जातो. सगळी जमीन एकसंध पाटासारखी हलली, तर इथल्या दमट उन्हाळ्यात ती भिंतीला ढुशी देईल.

ती तशी हलत नाही, याचं श्रेय वरून न दिसणाऱ्या खिळ्यांना जातं. या फळीच्या एका कडेला जीभ असते, दुसऱ्या कडेला खोबण. जीभ जिथून सुरू होते त्या कोपऱ्यात, ४५ अंशांच्या तिरक्या कोनात खिळा ठोकतात. तो फळीतून खालच्या प्लायवूडमध्ये उतरतो. मग पुढच्या फळीची खोबण त्या जिभेवर सरकते आणि डोकं कायमचं झाकलं जातं. यातली गंमत माझ्या उशिरा लक्षात आली. प्रत्येक फळी एकाच कडेला जखडलेली असते. खोबणीची कड शेजारणीच्या जिभेवर नुसती टेकलेली असते, ती वर उचलली जात नाही पण आडवी सरकू शकते. त्यामुळे साडेसहा सेंटिमीटरचा तो हिशेब ऐंशी जणींत वाटला जातो आणि प्रत्येक जण आपापल्या जागी फुगते, आपापल्या जागी आटते. उरलेली हालचाल भिंतीकडेने सोडलेल्या पाऊण इंची फटीत जाते, आणि ती फट पट्टीखाली लपते.

आपल्याकडे हे फारसं पाहायला मिळत नाही, कारण आपल्या घरांत पायाखाली काँक्रीटचा स्लॅब असतो. त्यात असा खिळा जात नाही. म्हणून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वुडन फ्लोअरिंग चिकटवतात किंवा एकमेकांत अडकवून नुसतं अंथरतात. अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. तुळयांवर प्लायवूड आणि त्यावर फळ्या.

सुतार साधा खिळा ठोकताना कधीकधी त्याचं टोक हातोडीने आधी बोथट करून घेतो. अणकुचीदार टोक तंतूंच्या मधे पाचरीसारखं घुसतं आणि लाकूड उभं चिरतं. बोथट टोक वाटेतले तंतू तोडत, चिरडत जातं, त्यामुळे चीर धावत नाही. फ्लोअरिंगचा खिळा, ज्याला इथे क्लीट म्हणतात, तो याच शहाणपणावर बेतलेला आहे. तो चपटा, टोकाशी पटाशीसारखा, डोकं इंग्रजी एल अक्षरासारखं एका बाजूला वळलेलं आणि अंगावर आडव्या खाचा. आत जाताना तंतू वाकतात आणि मग खाचांत अडकून बसतात. दोन इंची क्लीट ४५ अंशात गेली की सरळ खाली साधारण ३५ मिलिमीटर पोचते.

पाऊण इंच जाडीच्या ओकच्या फळीसाठी १६ गेजची क्लीट चालते, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाड. (गेजचा आकडा वाढला की जाडी घटते, हे वायरमनला सांगायला नको.) फळी पातळ असेल किंवा लाकूड फारच कडक असेल तर १८ गेजची बारीक क्लीट बरी. कडक म्हणजे किती, हे ठरवायची एक छान पद्धत आहे. गाब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाने १९०६ साली ती मांडली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो, ते मोजायचं. व्यास असा विचित्र का, तर त्याने गोळीचा छेद बरोबर एक चौरस सेंटिमीटर होतो. रेड ओकला १,२९० पौंड जोर लागतो, हिकरीला १,८२०, ब्राझिलियन चेरी या नावाने विकतात त्या जटोबाला २,३५० च्या आसपास. आणि आपलं सागवान? १,१०० च्या आतबाहेर. कणखरपणाला आपण सागाची उपमा देतो, पण साग टिकतो तो त्याच्या अंगच्या तेलामुळे. गोळीपुढे तो ओकपेक्षा मऊच.

क्लीटऐवजी स्टेपलही वापरतात. दोन पाय, अर्धा इंच रुंद पाठ आणि पायांवर चिकट लेप. आत शिरताना घर्षणाने हा लेप वितळतो आणि थंड झाला की धरून बसतो. पकड चांगली असते, खर्चही कमी. पण जिभेच्या कोपऱ्यात दोन भोकं पडतात आणि कडक लाकडात ती चिरते. माझं मत क्लीटच्या बाजूने आहे. स्टेपल वापरणारे मात्र तेवढ्याच ठामपणे उलट सांगतील.

आता हे खिळे ठोकायच्या यंत्राकडे, म्हणजे नेलरकडे. हाताचा नेलर जुना आहे, पॉवरनेल ही अमेरिकन कंपनी १९४९ पासून तो बनवते. त्यात सगळा जोर माणसाच्या खांद्याचा. हवेच्या नेलरलाही मोगरीचा घाव लागतोच, पण तो दोन कामं करतो. पहिलं, फळीला शेजारणीशी घट्ट भिडवतो. दुसरं, वरचा दट्ट्या दाबून आतली झडप उघडतो. झडप उघडताच कोठीतली दाबलेली हवा सिलिंडरमधल्या पिस्टनवर तुटून पडते, पिस्टनला जोडलेलं पातं क्लीटच्या डोक्यावर आदळतं आणि क्लीट आत. तळाशी दबलेली थोडी हवा पिस्टनला परत वर ढकलते. दाब साधारण ७० ते १०० पीएसआय (चौरस इंचाला इतके पौंड), तर गाडीच्या टायरमध्ये बत्तीस-पस्तीस असतो. समजा पिस्टनचा व्यास ५ सेंटिमीटर आणि दाब ९० पीएसआय, तर जोर होतो सव्वाशे किलोच्या घरात. मोगरी न मारता ते सुटत नाही, म्हणून साध्या नेलगनपेक्षा हे यंत्र जरा सभ्य. तरी चष्मा आणि कानात बोळे हवेतच, आणि अडकलेली क्लीट काढताना आधी हवेची नळी सोडायची.

एका खोलीसाठी यंत्र विकत घेण्यात अर्थ नाही, ते भाड्याने मिळतं. घेताना दोन गोष्टी बघाव्यात. एक, बुडाची पट्टी तुमच्या फळीच्या जाडीची आहे का. ती चुकली की कोन चुकतो आणि पॉलिश केलेल्या फळीच्या कडेला वरून फोड आल्यासारखे उंचवटे दिसतात. दुसरी, ते तुम्ही घेतलेल्याच क्लीटचं आहे का. कॉम्प्रेसर मोठा लागत नाही, कारण एका घावाला हवा थोडीच लागते. हवा दाबली की तापते, टाकीत निवते आणि तिच्यातलं पाणी खाली साचतं. पंक्चरवाला संध्याकाळी टाकीखालची चावी सोडून फुस्स करतो ते यासाठीच. ते पाणी यंत्रात गेलं तर आतून गंजतं. रोज पाणी सोडायचं आणि नळीच्या तोंडाशी तेलाचे दोन-तीन थेंब टाकायचे.

पण कामाचा खरा पाया त्याआधीच घातला जातो. फळ्यांचे खोके राहत्या घरात, नेहमीच्या आर्द्रतेत ठेवायचे आणि ओलावा मोजायचा. मोजणीचं यंत्र दोन टाचण्या लाकडात खुपसून विजेचा विरोध बघतं. ओलं लाकूड वीज जास्त वाहू देतं. तीन इंचांहून अरुंद फळी आणि खालचं प्लायवूड यांच्या ओलाव्यात चार टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, रुंद फळी असेल तर दोनच. दुकानातून आणलं आणि लगेच ठोकलं, असं केलं की सहा महिन्यांनी रडायची वेळ येते.

मग दाब. हे मी चुकून शिकलो. एका मित्राने हिकरीच्या फळ्या ठोकून यंत्र माझ्याकडे दिलं होतं, दाबाचा काटा होता तिथेच होता. माझा ओक हिकरीपेक्षा मऊ. मी टाकाऊ तुकड्यावर न तपासता सुरुवात केली. मोगरी पडली, ठप्प आवाज झाला आणि त्यामागोमाग एक बारीकसं टचकन्. क्लीटचं डोकं कोपऱ्यात बरोबरीने बसायला हवं. माझं आत बुडालं होतं आणि जीभ हातभर चिरली होती. दाब कमी असता तर डोकं वर राहिलं असतं, पुढची फळी बसलीच नसती आणि चूक तिथल्या तिथे कळली असती. जास्त दाबाची चूक मात्र पुढच्या फळीखाली गुपचूप झाकली जाते. मला ती चीर दिसली तोपर्यंत पुढच्या चार ओळी होऊन गेल्या होत्या. मग दर आठ-दहा इंचांवर एक क्लीट, दाब वीसेक पीएसआयने खाली, आणि काम सुरळीत चाललं.

शेवटच्या दोन-तीन ओळींना भिंत आडवी येते, मोगरी फिरत नाही. तिथे आधी बारीक भोक पाडून वरून हातानेच खिळे मारावे लागतात, पहिल्या ओळीसारखे. गुडघे तोवर बोलायला लागलेले असतात.

आता तिसरा हिवाळा चालू आहे. जानेवारीत फळ्यांच्या मधे बारीक रेघा उघडतात, एटीएम कार्ड शिरत नाही पण व्हिजिटिंग कार्ड शिरतं. मे संपता संपता त्या मिटतात. सोफ्याखाली मात्र एक फळी ऋतू कुठलाही असो, पाय पडला की कुरकुरते. सोफा तिथे का ठेवलाय, असं पाहुणे विचारतात.